वार्निशनंतर मॉडेलवर धुई येते? आधी ती कोणती ते ओळखा

प्लास्टिकचं मॉडेल विमान जोडण्यात दोन महिने जातात. सांधे भरायचे, घासायचे, पुन्हा भरायचे. मग रंगाचे पातळ हात, त्यावर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ चित्रं, आणि सगळ्यात शेवटी मॅट, म्हणजे बिनचकाकीचं, वार्निश. त्या शेवटच्या हातानंतर दहा मिनिटांत गडद हिरवा पंख राखेत लोळल्यासारखा पांढुरका होतो. माझ्याकडे हे पहिल्यांदा झालं तेव्हा आई दारात उभी होती. म्हणाली, "काऊन रे बाबू, तुह्या इमानावर धुई पडली काय?" धुई म्हणजे दाट धुकं. तूर ऐन फुलोऱ्यात असताना धुई पडली की फुलं कशी गळतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा शब्द किती नेमका आहे ते कळेल. आमच्या घरात तेव्हापासून या बिघाडाचं नाव धुईच.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका गावात राहतो, शेती करतो. टिनाच्या खोलीत १:७२ मापाची विमानं जोडतो आणि शकुंतलेचे, म्हणजे आमच्या भागातल्या नॅरोगेज रेल्वेचे, डबे प्लास्टिक शीटमधून कापून १:८७ मापात बनवतो. शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात, म्हणून बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ चालून जातो. हा हिशेब जुळला त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नव्हती. या छंदात असे दिवस येतात, आणि धुईचे दिवसही येतात.

माझ्या, भाच्याच्या आणि फोटो पाठवून विचारणाऱ्या मित्रांच्या मॉडेलांवरची धुई मी इतक्या वेळा उतरवली आहे की आता एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. पांढरं दिसणारं सगळं एकच नसतं. कारणं सहा-सात आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर मॉडेल हातचं जातं. आपल्या भागात बहुतेक वेळा मुळाशी पाणी सापडतं: कूलरचं, बोअरचं, पावसाचं, नाहीतर काँप्रेसरच्या टाकीतलं.

लक्षणं

पांढरं कुठे आहे, कधी आलं आणि हाताला कसं लागतं, एवढं आधी बघा.

सगळ्या पृष्ठभागावर सारखी, दुधाची साय धरल्यासारखी झाक, वार्निश ओलं असतानाच किंवा सुकता सुकता आलेली, हाताला गुळगुळीत. ही खरी धुई, म्हणजे वार्निशच्या थरात अडकलेला दमटपणा.

पांढरं फक्त खाचांमध्ये, पंखाच्या मुळाशी, चाकांच्या कोनाड्यात, जिथे वार्निश साचतं तिथे. हे वार्निशमधल्या मॅट करणाऱ्या पुडीचं काम.

हाताला खरखरीत, पिठूळ, बोट फिरवलं तर किंचित भुकटी येते, आणि फवाऱ्याच्या कडेच्या बाजूला जास्त. थेंब मॉडेलवर पोचण्याआधी हवेतच सुकले.

डिकलभोवती किंवा थेंब वाळला तिथे गोल कडी, मधोमध स्वच्छ आणि कड पांढरी. पाण्यातले क्षार.

फक्त डिकलच्या पारदर्शक भागाखाली चंदेरी चकाकी, तिरप्या उजेडात जास्त ठळक. डिकलखाली हवा राहिली आहे.

फक्त काचेवर, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या कॅनोपीवर आणि तिच्या सांध्याच्या आजूबाजूला, धुरासारखा पांढरा पट्टा. इन्स्टंट ग्लूची वाफ.

आणि बारीक पांढरे तंतू. दिवाळीनंतर घरात कापूस भरलेला असतो, कधीकधी पार आढ्यापर्यंत, आणि त्याचे तंतू ओल्या रंगावर येऊन बसतात. ते पूर्ण सुकू द्या, मग चिमट्याने उपटा. ओल्यात हात लावला तर तंतूबरोबर रंगाची रेघ निघते. कापसाच्या खोलीत फवारा मारू नका हे वेगळं सांगतो. थिनरची वाफ आणि कापूस एका खोलीत असणं म्हणजे आगीला बोलावणं.

पहिली तपासणी: थांबा, आणि ओलं बोट लावा

खर्च काही नाही, पण सगळ्यात जास्त मॉडेलं इथेच वाचतात. पांढरं दिसलं की घाबरून लगेच वरून दुसरा हात मारायची इच्छा होते. मारू नका. खाली दमटपणा अडकला असेल तर दुसरा हात त्याच्यावर झाकण घालतो, आणि जे आपोआप गेलं असतं ते कायमचं बसतं. चोवीस तास मॉडेल डब्याखाली झाकून ठेवा.

दुसऱ्या दिवशी टॉर्च तिरपा धरून बघा आणि स्वच्छ ओलं बोट पांढऱ्या जागेवर हलकेच टेकवा. पुसून टाकल्यावर पांढरं गेलं आणि परत आलं नाही, तर ते क्षार. ओलं असेपर्यंत गायब झालं आणि वाळल्यावर जसंच्या तसं परत आलं, तर पृष्ठभाग खडबडीत आहे, म्हणजे मॅटची पुडी किंवा हवेत सुकलेला फवारा. ओल्या बोटाने काहीच फरक पडला नाही, तर पांढरं थराच्या आत आहे: दमटपणा किंवा डिकलखालची हवा. ही परीक्षा अगदी शंभर टक्के नाही, पण पुढची दिशा तिच्यावरून कळते.

बाटली हलवली होती का?

मॅट वार्निशमध्ये अतिशय बारीक सिलिकाची पूड असते. ती पृष्ठभाग सूक्ष्मपणे खडबडीत करते, त्यामुळे उजेड विखुरतो आणि चकाकी जाते. ही पूड तळाशी बसते. नीट न हलवलेल्या बाटलीच्या वरच्या अर्ध्या भागातून चकाकतं वार्निश येतं आणि तळाच्या भागातून पांढरी पेज. म्हणून "मागच्या वेळी याच बाटलीने छान झालं होतं" हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. मागच्या वेळी बाटली भरलेली होती.

ढवळा. नुसतं हलवणं पुरत नाही. काडीने तळ खरवडून बघा, काडीला घट्ट गाळ लागतो का ते. मी पाच मिनिटं घड्याळ लावून ढवळतो. स्प्रेचा डबा असेल तर आतल्या गोळीचा आवाज सुरू झाल्यापासून दोन मिनिटं. इथे एक इशारा. थंडीत काही जण डबा गरम पाण्यात ठेवतात. कोमट पाणी ठीक आहे, पण या डब्यांना ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये असं त्यांच्यावरच छापलेलं असतं. आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, टिनाखालच्या फळीवर तेवढी उष्णता गरम पाण्याशिवायच येते. माझे डबे उन्हाळ्यात माठाशेजारी, खाली जमिनीवर असतात.

पुडीचं पांढरं बसलंच असेल तर उपाय सोपा आहे. पूर्ण सुकल्यावर त्यावर ग्लॉस वार्निशचा एक ओलसर हात द्या. खडबडीत खाचा भरतात आणि खालचा रंग परत दिसतो. चकाकी नको असेल तर दोन दिवसांनी नीट ढवळलेल्या मॅटचा पातळ हात. हा रंग परत येताना बघण्यातला आनंद मला शब्दांत नीट सांगता येत नाही. शकुंतलेच्या एका डब्याचा मेलेला लाल रंग असा परत आला, तेव्हा मी भाच्याला हाक मारून दाखवला होता.

पाणी कोणतं वापरलं?

आमच्या बोअरच्या पाण्याने नळाच्या तोट्यांवर आणि बादलीच्या कडेला पांढरा खडा धरतो. तेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डिकल भिजवलेल्या पाण्यातून मॉडेलवर येतं. पाणी उडून जातं, क्षार राहतात. ओलं असेपर्यंत ते दिसतही नाहीत. वार्निश मारलं की कायमचं कैद.

तपासायला आरशाच्या तुकड्यावर तुमच्या पाण्याचा एक थेंब आणि शेजारी बॅटरीच्या पाण्याचा एक थेंब ठेवून सावलीत वाळू द्या. कड दिसली तर त्या पाण्याने डिकल भिजवू नका. बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड पाणी, बॅटरीवाल्याकडे सहज मिळतं आणि एक कॅन वर्षभर पुरतो. मॉडेलचे सुटे भाग साबणाने धुताना शेवटचं खंगाळणंही त्याच पाण्याने करा. पॉलिश पेपर ओला करून घासत असाल तर तिथेही तेच.

कडी वार्निशच्या वर असेल तर ओल्या कापसाच्या बोळ्याने निघते. वार्निशखाली असेल तर वरचा हात घासून काढावा लागतो.

काचेवर असेल तर

इन्स्टंट ग्लू सुकताना त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून आजूबाजूला पांढरी बसते. बंद जागेत जास्त, आणि कॅनोपीच्या आत तर जागा बंदच असते. कॅनोपीला फेविकॉल लावा. ओला पांढरा दिसतो पण सुकल्यावर पारदर्शक होतो, आणि चुकलं तर पाण्याने निघतो. बसलेला पांढरा पट्टा बाहेरच्या बाजूला असेल तर प्लास्टिक पॉलिशने घासून किंवा ग्लॉस वार्निशच्या पातळ हाताने जातो. आतून असेल आणि कॅनोपी पक्की बसली असेल, तर ती उचकटू नका. तडकलेल्या काचेपेक्षा थोडी धुरकट काच बरी.

डिकलखालची चकाकी

डिकल मॅट रंगावर चिकटवली की खडबडीत खाचांमध्ये हवा राहते आणि ती चांदीसारखी चमकते. म्हणून क्रम ठरलेला: रंग, ग्लॉस, डिकल, पुन्हा ग्लॉस, मग मॅट. मधला ग्लॉस वाचवायला गेलो की डिकल फसते. झालेली चकाकी घालवायला बारीक सुईने त्या भागाला दहा-बारा टोचे मारा आणि ब्रशने डिकल मऊ करणारं द्रावण लावा. ते टोच्यांतून खाली जातं आणि डिकल पृष्ठभागाला बिलगते. पहिल्या काही मिनिटांत डिकल सुरकुतते. हात लावू नका, सुकताना बहुतेक वेळा ती स्वतःच ताणून बसते.

कूलर

आता आपल्या भागाचा खरा मुद्दा. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण जी माहिती मिळते ती थंड किंवा समुद्राकाठच्या जागांमधल्या लोकांची असते, आणि त्यांच्या खोलीत कूलर नसतो.

लॅकर थिनरसारखं जलद उडणारं थिनर सुकताना पृष्ठभागातली उष्णता ओढून घेतं. हातावर थिनर सांडलं की थंड लागतं ना, तेच. ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो दवबिंदू. पृष्ठभाग थंड होऊन त्याच्या खाली गेला की हवेतली वाफ त्याच्यावर दव होऊन बसते, आणि सुकत असलेला थर ते बारीक थेंब आत धरून ठेवतो. पहाटे गवतावर पडतं तेच दव, फक्त वार्निशच्या आत.

मे महिन्यात दुपारी बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे १० अंशांवर असतो. पृष्ठभाग तिथपर्यंत थंड होणं अवघड, म्हणजे धुईची भीती नाही. पण त्या उन्हात कोणी बंद खोलीत बसत नाही, कूलर लावतो. कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळूनच. माझ्या खोलीत कूलर तासभर चालला की ३० अंश आणि ७० टक्के होतात, आणि दवबिंदू २४ च्या आसपास येतो. आता सहा अंशांचा फरक उरला. भर पावसाळ्यात २८ अंश आणि ८५ टक्क्यांना दवबिंदू २५ वर असतो, म्हणजे फरक जेमतेम तीन अंश. जलद थिनर एवढा थंडावा सहज आणतं.

कूलर बंद केला तर? मग ४२ अंशांत थेंब हवेतच सुकतात आणि पिठूळ फवारा बसतो. ही दोन्हीकडची अडचण मला तीन उन्हाळे कळली नव्हती. कूलर चालू केला की धुई, बंद केला की पीठ, आणि मी प्रत्येक वेळी वार्निश बदलत होतो.

उत्तर वेळेत सापडलं. उन्हाळ्यात पहाटे सहा ते आठ, कूलर रात्री वापरला असेल तर तो बंद करून, खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवून. पावसाळ्यात बरोबर उलट: सकाळ सगळ्यात दमट, म्हणून उघाड असलेल्या दिवशी दुपारी दोन ते चार. उघाड नसेल तर वार्निश मारायचं नाही, त्या आठवड्यात दुसरं मॉडेल जोडायला घ्या. हिवाळ्यात सकाळी दहिवर असतं, बाराच्या पुढे बिनधास्त मारा.

आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं. या छंदात मी केलेला सगळ्यात फायद्याचा खर्च तोच. माझी मर्यादा ६० टक्के. त्याच्या वर आकडा दिसला तर एअरब्रश, म्हणजे काँप्रेसरच्या हवेवर रंग फवारायचं पेनासारखं हत्यार, हातात घेत नाही.

झालेली धुई हलकी असेल तर मॉडेल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन दिवस ठेवा. पुष्कळदा तेवढ्याने उतरते. उन्हात ठेवू नका; बारीक अँटेना आणि पंखांची टोकं वाकतात. नाहीच उतरली तर कोरड्या दिवशी हळू उडणाऱ्या थिनरचा, म्हणजे रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा, अगदी धुक्यासारखा हलका फवारा. थर किंचित मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि पारदर्शकपणा परत येतो. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा, कारण जोरदार थिनर खालचा इनॅमल रंग उचलतं, आणि डिकल तर वितळवतंच.

फवाऱ्याचं अंतर आणि थिनर

पिठूळ पृष्ठभागासाठी आधी अंतर कमी करा, मग दाब. एअरब्रशच्या ०.३ मिलिमीटरच्या सुईला मी हवेचा दाब १५ ते २० पीएसआय ठेवतो आणि चार-पाच इंचांवरून मारतो. स्प्रेचा डबा असेल तर आठ-दहा इंच. थिनर हळू उडणारं घ्या. रंगाच्या दुकानातलं मोकळं स्वस्त थिनर हत्यारं धुवायला ठीक, वार्निशमध्ये नको. त्यात काय मिसळलंय याचा भरवसा नसतो. बसलेलं पीठ २००० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं करून हलकं घासा आणि पुन्हा हात द्या.

काँप्रेसर

वरचं सगळं ठीक असूनही ठरावीक वेळाने पांढरे ठिपके उडत असतील, तर पाणी हवेबरोबर नळीतून येतंय. हवा दाबली की गरम होते, टाकीत आणि नळीत निवते, आणि तिच्यातली वाफ पाणी होते. एअरब्रश नुसत्या हवेवर आरशासमोर दोन मिनिटं धरा. आरशावर थेंब आले तर निदान झालं. तेलकट थेंब आले तर काँप्रेसर तेल फेकतोय, आणि त्यावर कोणतंच वार्निश बसणार नाही.

टाकीतला दाब पूर्ण उतरवून तळाचा ड्रेन उघडा. पावसाळ्यात मी प्रत्येक वेळी काम संपलं की उघडतो, आणि पाणी बघून दर वेळी आश्चर्य वाटतं. ओलावा पकडणारा फिल्टर काँप्रेसरजवळ असला तरी एक छोटा एअरब्रशच्या मुठीजवळ लावा, कारण हवा नळीभर निवत येते आणि उरलेलं पाणी तिथे सुटतं. नळी काँप्रेसरपासून वर चढवून मग खाली आणा, म्हणजे पाणी मागे ओघळतं.

सगळ्यात शेवटी: थर काढणं

काहीच चाललं नाही तर वार्निश घासून काढायचं. १५०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात, कडांवर अजिबात जोर नाही, डिकल गेल्या असं धरूनच चाला. हे काम दोन संध्याकाळचं आहे. मी आजवर चारदा केलंय, आणि चारही मॉडेलं आज कपाटात उभी आहेत.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ड्रेनमधून गंजाचं तांबडं पाणी येत असेल, टाकीवर फुगवटा किंवा पापुद्रे दिसत असतील, सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून हवा सुटत नसेल, तर काँप्रेसर त्याच क्षणी बंद. दाबाखालची गंजलेली टाकी फुटते. तिला गावात वेल्डिंग करून घेऊ नका, काँप्रेसर दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. बहुतेक वेळा तो टाकी बदलायला सांगेल आणि ते बरोबर असेल.

मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, किंवा काँप्रेसरच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, तर स्वतः उघडू नका. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की पहिला प्रकार होतो आणि मोटर जळते. दुसऱ्यात अर्थिंग नाही. दोन्हीला इलेक्ट्रिशियन.

फवारा मारताना डोकं जड होणं, छाती आवळणं, दम लागणं यातलं काही झालं तर बाहेर मोकळ्या हवेत या, आणि तासाभरात उतरलं नाही तर दवाखान्यात जा. दम लागत असेल तर तासभरही थांबू नका. तोंडाला दुपट्टा बांधून थिनरची वाफ अडत नाही. तिला कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो.

आणि गाड्यांना मारतात तो दोन भागांचा, हार्डनर मिसळायचा क्लिअर कोट घरी मारायचाच नाही. तो काचेसारखा बसतो, हे खरं. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, आणि ते फुप्फुसांना कायमचा दमा लावू शकतं. तसाच कोट हवा असेल तर मॉडेल काडीवर पक्कं बसवून, उघड्या काचांना मास्किंग टेप लावून, स्प्रे बूथ असलेल्या गॅरेजच्या पेंटरकडे न्या. त्याला दोन गोष्टी सांगा: खाली पॉलिस्टायरीन प्लास्टिक आहे, म्हणून पहिला हात अगदी कोरडा आणि पातळ द्या, आणि भट्टी लावू नका, सावलीतच सुकू द्या.